फ्रेममधलं लायसन

"उठ गं. पार्टी आलीय."

साहेब एवढंच म्हणाले. जुन्नरच्या बाजारपेठेतलं ऑफिस, तीन खुर्च्या. एकीवर बसून मी रिपोर्ट लिहीत होते. कागद छातीशी धरून उठले. नवऱ्यामुलाकडचे तिघे आत आले. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "ही आमची करवंदंवाली. हिचं तोंडच असं, कुणाला संशय येत न्हाई."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

लग्नाआधी मुलीच्या घरची गुपचूप चौकशी करायची, हे आमचं काम. मी डिंभे धरणाच्या वरची, डोंगरातली. बी.ए. झालेली. पण करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन खालच्या गावात शिरले की नुसती डोंगरची बाई. बायका भाव करता करता सगळं बोलून जायच्या. माहिती मी काढायची, रिपोर्ट मी लिहायचा. सही साहेबांची.

मी ओळखपत्र मागितलं की ते भिंतीवरची फ्रेम दाखवायचे. "लायसन हाय ते. वकिली लागती, पोलिसातला अनुभव लागतो. तुझं काम न्हाई." चार वर्षं मी त्या फ्रेमची काच पुसली. आतला कागद एकदाही वाचला नाही.

मग डिंगोरे गावातल्या एका मुलीचं काम आलं. मुलीच्या आईने मला ओट्यावर बसवलं, पेल्यातून पाणी दिलं. दुरूनच ओंजळीत पाणी ओतणारी घरं मी पाहिली आहेत, म्हणून हे लक्षात राहिलं. शेजारची चार घरं फिरले. कुणी वावगं बोललं नाही. मी लिहिलं, मुलगी चांगली, घर चांगलं.

साहेबांनी ते बदललं. नवऱ्यामुलाकडच्यांना दुसरं बडं स्थळ मिळालं होतं, ठरलेलं मोडायला कारण हवं होतं. मुलगी कुणाबरोबर तरी फिरते, असं साहेबांनी लिहून दिलं. लग्न मोडलं. गावभर बभ्रा झाला.

पुढे एस.टी. स्टँडवर ती आई भेटली. तिला माझ्यावर संशय नव्हता.

"बाय, तू घरोघर फिरतीस. आमच्या पोरीचं वंगाळ कोण बोललं, ऐकलंस का कुटं? लेकरू जेवत न्हाई गं."

"न्हाई," मी म्हणाले.

ते एक 'न्हाई' पाठ सोडत नाही. पाटी दिसली की त्या आईचा आवाज येतो. घास हातात राहतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना जाब विचारला. मान वर न करता ते म्हणाले, "लायसन कुणाचंय?"

मी फ्रेम खाली काढली. वाचली. दुकान नोंदणीचा दाखला. किराणावाल्याकडे असतो तोच.

तिथून पोलीस ठाण्यात गेले. खासगी तपासाच्या लायसनसाठी काय शिकावं लागतं, विचारलं. हवालदार ताई म्हणाल्या, "असलं लायसन आपल्याकडं नसतंच. कुणीबी बोर्ड लावतंय."

चार वर्षं मी नसलेल्या कागदाला भ्यायले होते. स्वतःचा संताप आला.

माझी नोंदवही घेऊन डिंगोऱ्याला गेले. पाटी नव्हती. त्या आईला सगळं सांगितलं, मला पाटी घेऊन कुणी पाठवलं होतं तेही. या वेळी तिने पाणी दिलं नाही. बरोबर केलं.

ओट्याखाली उभी राहूनच खरा रिपोर्ट पुन्हा लिहिला. खोटं कुणी लिहिलं ते लिहिलं. स्टँडवर मी खोटं बोलले, तेही लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव, गाव, सही. ज्याला दाखवायचा त्याला दाखवा म्हटलं. कोर्टात बोलावलं तर येईन.

चौकशीचं काम मी सोडणार नाही. पण यापुढे माझ्या माहितीखाली दुसऱ्या कुणाची सही होणार नाही.