दाजींच्या वाटची फेरी

आजवर कोणालाच सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. माझ्या दाजींची स्पोर्ट्स कार रेसिंगच्या ट्रॅकवर पहिल्यांदा पळवली ती दाजींनी नाही, मी. त्यांना न विचारता, ते देशात नसताना. हे माझ्या बायकोला माहीत नाही, ताईला माहीत नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी कळायला हवं होतं त्या दाजींना तर नाहीच. मी मुळात कमी बोलणारा. घरातल्यांची समजूत अशी की याच्या पोटात काही नसतंच, म्हणून हा बोलत नाही. ती समजूत मला फार सोयीची पडली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भोसरीत त्यांचं लहानसं वर्कशॉप होतं, यंत्रांचे सुटे भाग करायचं. बिबवेवाडी ते भोसरी हा सगळा जन्म त्यांनी स्कूटरवर काढला. साठी उलटल्यावर वर्कशॉप विकलं, तेव्हा आम्हाला वाटलं, आता एखादा मोठा फ्लॅट घेतील किंवा ताईला घेऊन कुठं लांब फिरून येतील. दाजी एकटे मुंबईला गेले आणि कोणा हौशी माणसाकडून वापरलेली दोन सीटची गाडी घेऊन आले. पिवळीधमक, जमिनीला टेकलेली, इंजिन सीटच्या मागं.

ताईनं गॅलरीतून पाहिलं आणि म्हणाली, "एवढी हौस केलीत आणि रंग रिक्षाचा?"

दाजी खालूनच म्हणाले, "रिक्षावाला नाही म्हणतो. ही नाही म्हणणार नाही."

पुढं झालं असं, की गाडी कधीच नाही म्हणाली नाही. नाही म्हणत राहिले ते दाजी. आज रस्ते ओले आहेत, आज गर्दी आहे, आज खोदकाम चालू आहे. बिबवेवाडीत यातलं एक तरी कारण रोज मिळतंच. त्यामुळं गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन-दोन आवरणं घालून उभी असायची, आत मऊ सुती आणि वर जाड. शेजारचे एक गृहस्थ वर्षभर बघत होते. एकदा म्हणाले, "अहो, आत खरंच गाडी आहे, की तुम्ही नुसतं आवरणच घेतलंय?"

गाडी बाहेर काढायची म्हणजे दोन माणसं लागत. कारण पुण्यातले स्पीडब्रेकर. त्यावरून गेलो तर पोट घासणारच, असं दाजींनी ठरवून टाकलं होतं. त्यांनी वर्कशॉपमधल्या दोन जाड फळ्या आणल्या, टोकं रंध्यानं उतरती केली आणि एक पद्धत बसवली. पुढं मी माझ्या स्कूटरवर, पायाशी फळ्या. मागून दाजी गाडीत. स्पीडब्रेकर आला की मी स्कूटर बाजूला लावायची, फळ्या टाकायच्या, दाजींनी तारेवरून चालल्यासारखं वर चढून उतरायचं, मग मी फळ्या उचलून पुढच्या स्पीडब्रेकरकडं पळायचं. मागं हॉर्नचा नुसता कल्लोळ. एकदा एका मोटारसायकलवाल्यानं विचारलं, "काका, विमान उतरतंय का?"

दाजींनी काच खाली केली. "उतरलंय. धावपट्टी शोधतोय."

असं आम्ही दरवर्षी खंडेनवमीला मंडईपर्यंत जायचो, झेंडू आणायला. स्वारगेटच्या चौकात बसवाले वाकून वाकून बघायचे. मंडईत गाडी लावायला जागा मिळायची नाही, म्हणून दाजी आतच बसून राहायचे आणि फुलं मी आणायचो. परत येताना पिवळ्या गाडीत पिवळ्या फुलांचा ढीग मांडीवर घेतलेले दाजी, आणि पुढं फळ्यावाला मी. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा. नारळ मात्र गाडीपुढं फोडायचा नाही, करवंटीचा तुकडा उडून रंगाला लागेल म्हणून. तो पाण्याच्या टाकीमागं जाऊन फोडायचा. गाडीचं वर्षभराचं फिरणं एवढंच.

पण परत आवरण चढवताना दाजी दरवेळी थांबायचे. गाडीच्या नाकावर हात ठेवून म्हणायचे, "हिला एकदा ट्रॅकवर न्यायचीय. मीच चालवणार. जन्मभर दुसऱ्यांच्या मशिनींचे पार्ट केले रे. त्यातली एक तरी मशीन पूर्ण जोरानं पळताना बघितलीय का मी? एकदा पाय दाबून बघायचंय, ही नक्की काय आहे."

हे ते थट्टेत म्हणत नसत. दाजींच्या तोंडून थट्टेशिवाय आलेलं हे एकच वाक्य मला माहीत आहे.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी दाजी आणि ताई परदेशी गेले. जाताना किल्ली माझ्या हातात. "दर रविवारी दहा मिनिटं चालू करायची. बाहेर काढायची नाही. आणि तिच्याशी जरा बोलत जा."

"काय बोलू?"

"तेही खरंच. तू माझ्याशी बोलत नाहीस, तिच्याशी काय बोलणार. राहू दे."

मी एका गाड्यांच्या भागांच्या कंपनीत तपासणी विभागात आहे. त्यामुळं घरात गाड्यांतलं कळणारा माणूस म्हणजे मी. आणि मला पक्कं कळत होतं की गाडी जागेवर दहा मिनिटं चालू ठेवणं म्हणजे झोपलेल्या माणसाला उठवून दारापर्यंत न्यायचं आणि परत झोपवायचं. इंजिन नीट तापतही नाही. टायर एकाच बाजूवर बसून राहतात. हे दाजींना फोनवर सांगता आलं असतं. मी ते स्वतःलाच सांगितलं, पुन्हा पुन्हा, आणि मला हवी होती तेवढी परवानगी त्यातून काढून घेतली. घाट उतरून गेलं की एक ट्रॅक आहे. तिथं काही रविवारी आपापली गाडी आणून चालवू देतात, शेजारी शिक्षक बसतो. मी नाव घातलं.

उजाडताना आवरणं काढली. फाटकापुढच्या पहिल्याच स्पीडब्रेकरपाशी थांबलो, कारण फळ्या टाकणारा माणूस आत गाडीत बसला होता. शेवटी गाडी तिरकी केली, एकेक चाक सावकाश वर घेतलं, खाली सोडलं. काही घासलं नाही. पुढच्यालाही नाही. स्वारगेटला पोचेपर्यंत माझ्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं त्या फळ्यांची काही गरज नव्हती.

ट्रॅकवर आधी तपासणी असते. आत सुटं काही ठेवायचं नाही, वळणावर उडतं. तपासणाऱ्यानं एकेक वस्तू बाहेर काढली. अंगाऱ्याची पुडी, वाळक्या झेंडूची माळ, छत्री, पंचा. म्हणाला, "साहेब, गाडी आहे का देवघर?" मग समोरच्या छोट्या गणपतीला हात घातला. गणपती हलेना. दाजींनी तो कारखान्यात मशिनीचे भाग चिकटवायच्या द्रावणानं बसवलेला. तपासणाऱ्यानं दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला, मग हात जोडले. "हा काही सुटा नाही. जाऊ द्या."

हेल्मेट चढवलं. शिक्षक शेजारी बसला आणि सहज विचारलं, "गाडी तुमचीच ना?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. मी कमी बोलणारा माणूस, त्यामुळं मी बोललेलं खोटंही फार लहान असतं.

पहिल्या फेरीत गाडी खोकत होती, कुरकुरत होती. सरळ पट्टा आला तसा शिक्षक म्हणाला, "आता पाय दाबा. पूर्ण." मी दाबला. पाठीमागं काहीतरी घसा मोकळा करून गायला लागलं. सीटनं मला मागं ओढून धरलं, समोरचा रस्ता भराभर अंगावर आला, आणि वळणावर मला वाटलं की गेलो; तर गाडी मुळीच गेली नाही, जमीन धरून वळली, जणू ती इतकी वर्षं त्या पार्किंगमध्ये याच वळणाचा विचार करत उभी होती. हेल्मेटमध्ये कोणीतरी ओरडत होतं. तो मी होतो. शिक्षक म्हणाला, "ओरडा हो, लाजू नका. इथं सगळेच ओरडतात."

खाली उतरलो तेव्हा हसून हसून तोंड मिटत नव्हतं. दोन-चार माणसं गाडीभोवती जमली. "पिवळीनं मजा आणली," एक जण म्हणाला. "पुन्हा या हां, लक्षात राहील ही." मी सगळ्यांना हात केला. त्या दिवसाइतका आनंदात मी क्वचित असेन, हे लिहिताना अजूनही गालातल्या गालात हसू येतं. याचीच मला लाज वाटते.

गाडी धुतली, सगळं जिथल्या तिथं ठेवलं. दाजी परत आले आणि बॅगा न सोडता खाली गेले. त्यांनी किलोमीटरचा आकडा बघितला. मी तयारीत होतो. "बॅटरी उतरत होती," म्हणालो. "म्हणून हायवेला थोडी फिरवून आणली."

"फळ्या कोणी टाकल्या?"

याची तयारी नव्हती. "मीच."

"एकट्यानं? म्हणजे खाली उतरायचं, टाकायच्या, परत बसायचं, पलीकडं न्यायची, परत उतरायचं?"

"हो."

"दर स्पीडब्रेकरला?"

"दर."

दाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मेहुणा असावा तर असा," ते म्हणाले आणि हे वाक्य त्यांनी पुढं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. ताईच्या नणंदेनं माझ्या मुलांना माझा आदर्श घ्यायला सांगितलं.

त्या खंडेनवमीला मंडईहून येताना दाजी खूश. "गाडी मोकळी झालीय रे. आवाज ऐक. नीट जपून ठेवली की अशी राहते." मी पुढच्या स्पीडब्रेकरवर फळ्या टाकत होतो. मी अजूनही टाकतो. त्या लागत नाहीत हे मला कसं कळलं, हे सांगता येत नाही म्हणून.

इथवरचं हसण्यावारी नेता आलं असतं. खरं टोचतं ते यापुढचं. गाडी मोकळी झाली म्हणून दाजींना उत्साह आला. "या हिवाळ्यात ट्रॅक," ते म्हणाले. आणि मला डोळ्यांसमोर दिसलं, दाजी तिथं उतरताहेत आणि तपासणारा हसत पुढं येतोय, पिवळीला ओळखून, गणपतीला नमस्कार करून, 'या साहेब, परत आलात' म्हणून माझा हात हातात घेतोय. मी म्हणालो, "दाजी, टायर जुने आहेत." त्यांनी टायर बदलले. मी म्हणालो, "ट्रॅकवर इंजिनाची वाट लागते. मी रोज बघतो असली इंजिनं." पुढच्या हिवाळ्यात म्हणालो, "या वयात मानेला झटका बसला तर?" दाजींनी एकदाही वाद घातला नाही. तपासणी विभागातला मेहुणा सांगतोय, म्हणजे खरंच असणार. ते हळूहळू ट्रॅकचं बोलेनासे झाले. आवरण चढवताना थांबेनासेही झाले.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला. कडेचं दिसणं कमी होत जाणार, औषधानं ते सावकाश होईल एवढंच. दाजींनी ते चहा पिताना सांगितलं, आणि त्याच दमात, "गाडीला गिऱ्हाईक बघ. तरुण असेल तर बरं. पळवील तरी."

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं दाजींकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "विकू नका. आपण ट्रॅकवर जाऊ."

दाजींनी कप खाली ठेवला. "आज सूर्य कात्रजकडून उगवला वाटतं. अरे, तूच म्हणालास ना, वाट लागते?"

"चुकीचं सांगितलं मी."

"आणि मान?"

"तेही."

"मग टायर तरी खरे होते का?"

"टायर बरे होते."

दाजींनी माझ्याकडं नीट बघितलं. कडेचं कमी दिसत असेल, पण समोरचं त्यांना अजून चांगलं दिसतं. त्यांनी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तिथंच सांगितलं असतं, असं मी म्हणतो; पण माझा इतिहास तुम्हाला आता ठाऊक आहे. ताई म्हणाली, "डॉक्टरांना विचारा आधी." विचारलं. ते म्हणाले, दिवसाउजेडी अजून चालवायला हरकत नाही. फक्त गर्दी नको, समोरून येणारी वाहनं नकोत, मध्येच घुसणारी माणसं नकोत. दाजी म्हणाले, "म्हणजे पुणं सोडून कुठंही." डॉक्टर हसले आणि तसं लिहून दिलं.

मी ट्रॅकवाल्यांना फोन केला, खरी परिस्थिती सांगितली. ते म्हणाले, शिक्षक शेजारी बसेल, ट्रॅक मोकळा असेल तेव्हा सोडू. चालकाच्या जागी दाजींचं नाव दिलं. येत्या रविवारचं ठरलंय. दाजी रोज खाली जाऊन गाडीत बसतात आणि गिअर बदलून बघतात. ताई वरून विचारते, "पोचलात का?" आणि ते खालून म्हणतात, "वळणावर आहे, बोलू नकोस."

ट्रॅकवर मला कोणीतरी ओळखणार, यात शंका नाही. त्याआधी वाटेत, घाट उतरण्यापूर्वी, चहाला थांबू तिथं मी दाजींना सांगायचं ठरवलंय. ते कदाचित हसतील. कदाचित परतीच्या वाटेवर एक शब्द बोलणार नाहीत, आणि न बोलण्यात ते माझी बरोबरी करू शकतील. पण पहिला पाय दाबायचा हक्क त्यांचा होता, तो मी घेतला आणि तो आता परत देता येणार नाही. जे देता येण्यासारखं आहे ते दोनच: खरं काय घडलं ते, आणि स्टिअरिंग त्यांच्या हातात असलेली एक फेरी. आज, हे लिहीपर्यंत, दोन्ही मी दाजींचं देणं लागतो.