तडकलेल्या डाळिंबांची बिअर

माणसाची जीभ आपल्या मातीला कधीच विसरत नाही. हे वाक्य मी तीस वर्षं वर्गात सांगितलं. विषय भूगोल होता आणि मुलांचं लक्ष डब्याकडे असायचं.

ते खरं ठरताना पाहायला मात्र मला निवृत्तीनंतर सोलापुरातल्या एका पबात जावं लागलं. पब माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा. मंद्रूपला माझ्या धाकट्या भावाची डाळिंबाची बाग आहे. यंदा अवकाळी पावसानं अर्धी फळं झाडावरच तडकली. अशी फळं बाजारात कोणी उचलत नाही. विद्यार्थी म्हणाला, "बिअरमध्ये रस घालून बघतो. जमलं तर हंगामभर सगळी मीच घेतो." जमलं नसतं, तर ती शेरडांपुढे जाणार होती. भावानं फळं पाठवली आणि तीन दिवसांनी चव बघायला आम्हा दोघांना बोलावणं आलं.

काचेपलीकडे तांब्याच्या टाक्या, त्यांच्यावर गाभाऱ्यातल्यासारखा उजेड. थाटामाटाचा मला एरवी कंटाळा आहे, पण ग्लास समोर आला आणि मी तो उचलून उजेडात धरला. रंग गडद लाल, वर गुलाबी फेस. सोबत शेंगाचटणी भुरभुरलेले बटाट्याचे काप आणि चीज भरून तळलेल्या मिरच्या, काळ्या पाटीवर मांडलेल्या. पाटीवरून काही खाण्याची माझी ही पहिलीच वेळ. पहिला घोट आंबट लागला, मग किंचित कडू, आणि गिळून झाल्यावर कुठून तरी डाळिंब आलं. साठी उलटल्यावरही जिभेला काही नवीन सापडतं, याचं मला खरोखर नवल वाटलं.

"काका, ही तुमची बाग," विद्यार्थी भावाला म्हणाला. "मंद्रूपच्या मातीचा गंध येतो बघा. शेवटी एक उदास गोडवा आहे."

भावानं उभ्या आयुष्यात बिअर घेतली नव्हती. औषध घ्यावं तसा त्यानं घोट घेतला, एक मिरची खाल्ली, पुन्हा घोट घेतला.

"हे माझं न्हाय."

मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

"पाय कशाला दाबायलास, दादा? न्हाय तर न्हाय."

"काका, कालच रस घातलाय. तुमचाच."

"आत इचारा की कुणाला तरी."

बिअर बनवणारा आतून आला आणि बराच वेळ एप्रनला हात पुसत राहिला. दाणे काढायला माणसं मिळाली नाहीत, म्हणून या खेपेला बाजारातला तयार रस वापरला, असं त्यानं शेवटी सांगितलं.

विद्यार्थी उठला आणि भावाच्या पाया पडला. मीही उठून उभा राहिलो. ज्या माणसाला मी लहानपणी नकाशात मंद्रूप शोधून दाखवू शकलो नव्हतो, तो दोन घोटांत आपली झाडं ओळखत होता.

"सगळी फळं पाठवा," विद्यार्थी म्हणाला. "आणि दर खेपेला चव बघायला तुम्हीच यायचं."

"येतो की. मिरच्या बऱ्या हायत."

एसटी स्टँडकडे चालताना मी त्याला विचारलं, "तुला कळलं कसं?"

"आल्या आल्या मागं हात धुवायला गेलतो. माझी डाळिंबाची सगळी क्रेटं नळाशेजारीच हायत. सुतळीबी सोडली न्हाय."