शिवलेली फाईल

साहेबांच्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साठायच्या, धूळ आणि किस्से. धूळ मी रोज सकाळी झाडायचो. किस्से कोण झाडणार? ते राहिले ते राहिलेच. आता नुसतं बसलं तरी एकेक वर येतो. गडबड नाही, चहा घ्या, सांगतो.

साहेब म्हणजे नारायण पेठेतले वकील, पुढे आमदार झाले. मी त्यांचा शिपाई. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. फायली दोरीच्या रंगावरून ओळखायचो. चार अक्षरं पुढे साहेबांनीच गिरवून घेतली.

*

ऑफिसच्या खाली रहीमचाचांचं बाइंडिंगचं दुकान, त्यांच्या आजोबांपासूनचं. एक दिवस रस्तारुंदीची नोटीस आली. रस्ता वाढला की दुकान जाणार. साहेबांनी कोर्टातून स्टे आणला. चाचांना इतका आनंद झाला, की केसची फाईल मागून नेली आणि दोन दिवसांनी परत आणली. पाठीला कापड, पक्क्या दोऱ्याची शिवण. फाईल कसली, ग्रंथच.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो चाचा, केस अजून चालू आहे. नवे कागद लावायचे कुठे?"

"मागं शंभर कोरी पानं घातलीत साहेब. त्यावर चिकटवा."

साहेब म्हणाले, "कोर्टाचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला आहे."

*

मग साहेबांना तिकीट मिळालं. प्रचाराला मी बरोबर असायचो, पत्रकं माझ्याकडे. शेजारच्याच इमारतीतले एक पेन्शनर दारातच म्हणाले, "मत तुम्हालाच देणार."

"आभारी आहे," साहेब म्हणाले.

"आभार नकोत. तुम्ही मुंबईला गेलात की आमच्या दारातली तुमची स्कूटर तेवढी हलेल."

*

कर्वेनगरला एका सोसायटीत सभा होती. एका बाईंनी विचारलं, "पाणी कधी येणार?"

साहेबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पुढच्या तारखेला सांगतो."

मागच्या खुर्चीवरचे आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "हा येणार निवडून. आत्ताच तयार आहे."

आले निवडून.

*

पहिलं अधिवेशन संपवून साहेब परत आले. मी पाणी दिलं आणि विचारलं, "कसं असतं हो तिथं?"

"कोर्टासारखंच, मारुतराव. फक्त कोर्टात एक माणूस तरी ऐकत असतो."

*

कात्रजच्या बाजूचे एक शेतकरी, साहेबांचे जुने पक्षकार. बांधाच्या केसचे. हार घेऊन आले. म्हणाले, "सायेब, आता तुमी आमदार हाय. जज तुमास्नी घाबरंल का न्हाई?"

साहेब म्हणाले, "नाही हो."

पाहुण्यांनी जरा विचार केला. हार पुन्हा पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "मग निकाल लागल्यावरच घालतो."

*

आता शेवटचा. तीनेक वर्षं गेली असतील. पक्षाचे शहरातले दोन पुढारी आले. रस्ता रुंद करू असं पक्षानं जाहीरनाम्यात छापलं होतं, आणि तो अडवून धरला होता पक्षाच्याच आमदारानं. खुर्चीत बसत एक म्हणाले, "साहेब, ती दुकानाची केस सोडा. कागद आमच्याकडे द्या, आम्ही दुसरा वकील बघतो. नाहीतर पुढच्या वेळी तुमच्या तिकिटाचं अवघड आहे."

साहेब म्हणाले, "मारुतराव, चाचांना बोलवा."

बोलवायची गरजच नव्हती. आमचा जिना लाकडी, खाली सगळं ऐकू जायचं. चाचा हाताची खळ पुसत दारात येऊन उभे होते. चेहरा पार उतरलेला.

साहेबांनी फाईल पुढाऱ्यांसमोर सरकवली. "घ्या. काय काढायचं ते काढून न्या."

एकानं वरचा कागद ओढला. मग जरा जोरात ओढला. दोरा हलेना.

दुसऱ्यानं मला विचारलं, "कात्री आहे का हो?"

"आहे ना," मी म्हणालो. "चाचांची."

साहेब चाचांकडे वळले.

"चाचा, कोरी पानं किती उरलीत?"

चाचांनी फाईल उचलली, अंगठ्यानं मागची पानं भरभर सोडली.

"तीसेक असतील, साहेब. पुरणार नसतील तर आत्ताच सांगा, आणखी जोडून देतो."