लिंबाएवढी

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत सोलापुरात शुक्रवार पेठेत माझी तपासणीची छोटी लॅब होती. ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव बाटलीतून यायचे. मी ते कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो आणि रिपोर्ट द्यायचो. त्याच सुमारास अंडाशयातल्या गाठींवर एक निबंध लिहायचं मी मनावर घेतलं. निरोगी अंडाशयात दर महिन्याला बीज धरणाऱ्या काही पुटिका वाढू लागतात, एक पूर्ण वाढते, बाकीच्या थांबतात. गाठीत थांबणं नसतं. त्यांना कोण वाढवतं आणि कोण थांबवतं, हे माझ्या लॅबमध्ये कळणार नव्हतं. पण दोन्ही शेजारी ठेवून बघायची हौस होती. गाठी माझ्याकडे भरपूर होत्या. निरोगी अंडाशय मात्र कोणी कापून पाठवत नाही.

चहा पिताना एका सर्जन मित्राला हे बोललो.

“एवढंच ना? बघू,” तो म्हणाला.

थोड्याच दिवसांत त्याच्याकडून बाटली आली. मंद्रूपची बाई, पस्तिशीतली, फार रक्त जातं म्हणून गर्भपिशवी काढलेली. या वयाच्या बाईची अंडाशयं तो एरवी काढत नसे; काढली की अकाली पाळी गेल्याचा त्रास सुरू होतो. या वेळी बाटलीत दोन्ही होती. पांढरी, घट्ट, सोललेल्या बदामासारखी. ती कापताना मला आनंद झाला. मित्राला मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

पौषात ती बाई स्वतःच लॅबमध्ये आली.

“मोठे डाक्टर म्हनले, गाठ हुती म्हून समदंच काढलं. तुमी बघितली न्हवं? केवढी हुती?”

“लिंबाएवढी,” मी म्हणालो. गाठी फळांत मोजायची आम्हा लोकांना सवय असते.

“पर अंगातनं वाफा निघत्यात की. लुगडं भिजतंय.”

“सोलापूरचं ऊन, बाई.”

“पौष हाय, डाक्टर.”

पुढच्या खेपेला तिनं शेतातली लिंबं आणली. पिशवीतून एक काढून माझ्यासमोर धरलं.

“एवढी?”

“जरा मोठी.”

तिनं दुसरं काढलं. “आन एवढी?”

“हां.”

“एवढी पोटात घिऊन मी रानात वाकून भांगलत हुते व्हय,” ती म्हणाली. बराच वेळ ते लिंबू बघत राहिली. मग ते पदराच्या गाठीत बांधलं. “सासूबाईस्नी दावते. म्हनत्यात, काय झालं न्हवतं, उगं थेरं करती. वाफंचं सांगितलं की हसत्यात.”

बाकीची लिंबं तिनं टेबलावर ठेवली. आम्ही घरी त्यांचं लोणचं घातलं. चांगलं झालं होतं.

निबंध छापून आला. त्यात निरोगी अंडाशयाचं एकच चित्र आहे, ते तिचं. सर्जन गेला, तीही आता नसेल. म्हणून एवढं लिहून ठेवतो. तिला गाठ नव्हती, लिंबाएवढी नाही आणि मुगाएवढीही नाही. सासूचं तेवढं बरोबर होतं. पण ती थेरं करत नव्हती. वाफा खऱ्या होत्या, आणि त्या कशामुळे आहेत हे ती विचारत होती तेव्हा मला माहीत होतं.