सदाशिव पेठ ते लोणी काळभोर, ढकलत

गुरुवारी सकाळी निघायचे म्हणून मी किल्ली फिरवली आणि गाडीने फक्त ‘टिक’ केले. महिन्यातली ही तिसरी वेळ. मागच्या खेपेला या ‘टिक’पायीच अक्काच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख हुकली होती. अक्का ही माझी थोरली बहीण, लोणी काळभोरला दिलेली. दोन वर्षे टाळून टाळून ती जेमतेम तयार झाली होती, तीही माझ्याच गाडीतून येईन या अटीवर. शुक्रवारी सकाळी आठला तिला आमच्या पेठेतल्या दवाखान्यात आणायचे होते. आता चुकलो असतो तर ती पुन्हा हो म्हणाली नसती.

शेजाऱ्यांनी धक्का दिला आणि सल्लेही दिले. कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याने मीटर लावून पाहिला.

“बॅटरी उत्तम आहे.”

“अहो, मग ती का उतरते?”

“गाडी रोज काढता?”

“निवृत्त माणूस रोज कुठे जाणार? आठवड्यातून एकदा.”

“मग तिलाही निवृत्त करा,” असे म्हणून त्याने वर्तमानपत्र उघडले. नवी बॅटरी गळ्यात मारली नाही, म्हणून खरे तर त्याचे आभार मानायला हवे होते. मला मात्र संताप आला.

हडपसरपर्यंत इंजिन बंद पडू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलो होतो. बाजाराअलीकडे एका वायरमनचे दुकान दिसले. त्याने चार्जिंग तपासले, ते ठीक होते. मग इंजिन बंद करून एकेक फ्यूज काढत मीटर पाहिला. तोवर मी समोरच्या गाड्यावर थंडगार भजी खाल्ली, तीही बिनमिठाची.

“काका, गाडी करंट खातीय, उभ्या उभ्या बॅटरी पितीय. समदे फ्यूज काढले तरी खातीय. एखादी लाईट चालू राहती का?”

“मुळीच नाही!” मी ठणकावून सांगितले. “आणि माझ्या गाडीला मी कुणाला हातही लावू देत नाही.”

त्याने डिकीची लाईट पाहिली, छतावरची पाहिली. दोन्ही बंद. “मग दोन दिवस गाडी सोडा,” तो म्हणाला. दोन दिवस कुठून आणू? शेवटी त्याने हातात एक पाना दिला. “उभी केली की बॅटरीची वायर ढिली करून काढा. उद्या सुरू होईल.”

लोणीला पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. दोन्ही बाजूंना उसाचे हिरवेगार फड होते म्हणे. मी रस्ताभर फक्त डॅशबोर्डवरचे काटे पाहत आलो. अक्काने भाकरी आणि वांग्याचे कोरड्यास (भाकरीशी लावून खायची भाजी) पुढे केले. तिखट होते, पण दिवसभरातली तीच एक नीट झालेली गोष्ट.

जेवण झाल्यावर गाडी पत्र्याच्या अंधाऱ्या शेडमध्ये लावली. “बसता येतंय का बघू दे,” म्हणत अक्का पुढच्या सीटवर जाऊन बसली. मी बॉनेट उघडून वायर काढली. त्याच क्षणी आतून ओरडा आला.

“आरं, देव का इझला? लाव आधी!”

मी धावत गेलो. डॅशबोर्डवर पितळी गणपती, आणि त्याच्यापुढे लाल काचेचा इवलासा दिवा. गाडी घेतली तेव्हा अक्कानेच तो आणला होता. देवाचा दिवा किल्लीवर नको, अखंड पाहिजे म्हणून गावच्या वायरमनकडून थेट बॅटरीला जोडून घेतला होता. गाडीत बसताना मी दर वेळी त्याला हात जोडत होतो. पण कुणी ‘लाईट’ विचारली की मला तो आठवायचा नाही. लाईट ती लाईट, दिवा तो दिवा. एवढी वर्षे गाडी रोज फिरत होती म्हणून भागले. आता ती आठवडाभर उभी राहायची आणि हा सगळी बॅटरी पिऊन टाकायचा. आणि तो दिसला कुणाला, तर मोतीबिंदू झालेल्या बाईला! माझी मलाच लाज वाटली.

“अक्का, या दिव्यानेच तुझी तारीख हुकवली.”

ती म्हणाली, “म्हंजे देवाच्याच मनात न्हाई. ऱ्हाऊ दे.”

“देवाच्या मनात नाही की तुझ्या?” माझा आवाज चढला. “भीती वाटते असं सरळ सांग ना!”

“वाटतीय,” ती हळूच म्हणाली.

माझा राग जागीच विरला. थोड्या वेळाने ती चाचपडत घरात गेली आणि देवघरात निरांजन लावून आली. “आजची रात त्यो तिथं हाय. तुजी वायर ऱ्हाऊ दे काढलेली.”

सकाळी वायर जोडली आणि गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. आठला दहा मिनिटे कमी असताना आम्ही दवाखान्यात होतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. तिला पोचवायला निघालो, तेव्हा वाटेत हडपसरला थांबून पाना परत केला आणि दिवा किल्लीवर घेतला. “लाईट नाही म्हणत होता ना, काका?” वायरमनने टोमणा मारलाच. मी ऐकून घेतला.

किल्ली फिरवली. दिवा लागला. अक्का काळ्या चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

“एवढासाच व्हय रं ह्यो?” ती म्हणाली. “मला तर केवढा दिसायचा.”