मेजरकाकांची चौदा अवजारांची पक्कड

आमचे मेजरकाका फुगा फुटला तरी दचकतात. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुमचा भलताच समज व्हायचा. काका कधीही सैन्यात नव्हते. तीस वर्षं ते वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे बसले, आणि तिथेही कुणी जाडजूड पुस्तक जरा जोरात ठेवलं की त्यांचा हात छातीवर जायचा. ‘मेजर’ ही पदवी गल्लीने दिलेली. सतरा खिशांचं जाकीट आणि घोट्याच्या वर येणारे बूट घालून जो माणूस दूध आणायला जातो, त्याला गल्ली दुसरं काय म्हणणार?

काकांना वेड होतं ते सैन्यातून मोडीत निघालेल्या सामानाचं आणि एकूणच कळ दाबली की काहीतरी उघडणाऱ्या प्रत्येक वस्तूचं. घराची मागची खोली या सामानाने भरली होती. होकायंत्रं तीन, कारण दोन चुकली तर? अंधारात बघायची दुर्बीण, आणि काका तर नऊच्या ठोक्याला घोरायला लागायचे. घडीचं फावडं, जमिनीत पुरलेला धातू हुडकणारं यंत्र, आणि राहायला तिसरा मजला. शिवाय जाड लोकरी कांबळी, पाण्याचे कॅन, तोफेजवळ उभं राहणाऱ्यांचे कानटोप. हौसेला मोल नसतं म्हणतात. काकांच्या हौसेला जागाही नव्हती.

नुसतं वेड असतं तर एक वेळ चाललं असतं. पण त्यात वाचनालय शिरलं होतं. प्रत्येक वस्तूला क्रमांक, प्रत्येक खोक्यावर कागदी खिसा, खिशात कार्ड. कार्डावर तीन रकाने: कोणी नेलं, कधी नेलं, परतीची तारीख. आणि सगळी कार्डं कोरी! कारण काका कुणाला काही द्यायचेच नाहीत. शेजाऱ्यांनी एकदा खिळा उपटायला काहीतरी मागितलं, तर काका म्हणाले, “हे आणीबाणीसाठी आहे. तुमचा खिळा ही आणीबाणी नाही.” वाचनालयातही त्यांचा तोच खाक्या. चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. पंधराव्या दिवशी ते सख्ख्या सासऱ्यांनाही ओळखत नसत.

या सगळ्या पसाऱ्याचा राजा म्हणजे चौदा अवजारांची घडीची पक्कड. चाकू, करवत, कानस, दोन पेचकस, डबा उघडणी, एक बारीकसा आकडा आणि आणखी काय काय, सगळं एका मुठीत. अकरा वर्षांपूर्वी ती आली तेव्हा काकांनी आम्हाला एकदाच, लांबून दाखवली. मग खोकं चिकटपट्टीने बंद करून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. दरवर्षी साठा तपासताना ते खोकं उघडत नसत, स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करत. उघडलं तर हवा लागते म्हणे. वजन बरोबर भरलं की मान डोलवून परत वर.

“तहान लागल्यावर विहीर खणायची नसते,” ते काकूला सांगत.

“तुम्ही खणलीत, आणि वर कुलूप लावलंत,” काकू म्हणे.

काकूचा शिवणवर्ग होता. पाच बायका आणि तीन मशिनी स्वयंपाकघराच्या दारात दाटीवाटीने बसायच्या, आणि चहा करायचा तर एकीला उठवावं लागायचं. मागची खोली तिला हवी होती, आणि हवी असण्यात काही गैर नव्हतं. शेवटी तिने अट घातली. “या सगळ्यातली एक वस्तू एकदा तरी घराच्या कामाला आलेली दाखवा. महिनाभर वाट बघते. नाहीतर त्यानंतरच्या रविवारी दहा वाजता भंगारवाला येईल.”

महिनाभर काका आणीबाणीच्या शोधात घरभर फिरले. पण वीज जाईना, नळ फुटेना, कुणी कुठे अडकेना. शनिवारी ते इतके उतरले होते की मला पाहवेना. मी त्यांची पुतणी, सामान उतरवायला रविवारी मदतीला ये असं काकूने मला सांगितलं होतं. मी नऊला पोचले, तर काका जाकीट घालून खोलीत बसलेले, एकेका खोक्यावरून हात फिरवत.

आणि तेवढ्यात न्हाणीघरातून काकूची हाक आली. “अहो! कडी अडकली! दार उघडत नाही!”

काका उठले. माणसाच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी आजवर पाहिला नव्हता. बायको कोंडली गेली आणि नवरा उजळला! एरवी मी चिडले असते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हो, खरोखरचं.

“घाबरू नकोस!” ते दाराला तोंड लावून म्हणाले. “बोलू नकोस! आतली हवा जपून वापर!”

“खिडकी उघडी आहे,” काकू आतून म्हणाली. “अहो, ऐका जरा, माझ्याकडे...”

पण काकांनी तोवर कानटोप चढवले होते. ठोकाठोक होणार, तर आवाज सहन व्हायचा नाही. आणि त्या कानटोपांतून ढगफुटीसुद्धा ऐकू आली नसती.

मग सुरू झाली मोहीम. आधी पाहणी. दाराच्या फटीतून त्यांनी वाकडी मान करून आरसा लावलेली नळी घातली. त्यात दिसली काकूची चप्पल. धातू हुडकणारं यंत्र दारावर फिरवून कडी नेमकी कुठे आहे ते शोधून काढलं. ती होती तिथेच, जिथे गेली वीस वर्षं होती. मग फटीत घडीचं फावडं घालून जोर लावला. दार जागचं हललं नाही, फावड्याची मात्र घडी झाली. बिजागऱ्या काढाव्या तर त्या आतल्या बाजूला. दोरीला आकडा लावून बाहेरच्या खिडकीतून उतरायची भाषा सुरू झाली तेव्हा मी आडवी आले.

“काका, सुताराला बोलावू?” मी कानटोप उचलून ओरडले.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शत्रूला जाऊन मिळाले.

साडेनऊ झाले. पावणेदहा. आतून काकूचा आवाज येईनासा झाला होता. काकांनी कानटोप काढून दाराला कान लावला आणि पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत खरी भीती दिसली. खोली जाईल ही नव्हे. “ती बोलत का नाही?” ते कानटोप फेकून देत म्हणाले, आणि धावत मागच्या खोलीत गेले. स्टुलावर चढले, सगळ्यात वरचं खोकं काढलं, अकरा वर्षांची चिकटपट्टी दातांनी फाडली. “हिच्यासाठीच ठेवली होती,” ते पुटपुटत होते. हिच्यासाठी म्हणजे आणीबाणीसाठी की काकूसाठी, ते मी विचारलं नाही.

खोक्यात फडक्यात गुंडाळलेला एक जुना पितळी डाव निघाला.

काका डावाकडे बघत उभे राहिले. मीही. आणि मागून खट् असा आवाज झाला. न्हाणीघराचं दार उघडून काकू बाहेर आली. तिच्या एका हातात काढलेली कडी आणि चार स्क्रू होते, आणि दुसऱ्या हातात चौदा अवजारांची पक्कड. काखेत कळसा म्हणतात तो असा.

“नळ गळतो आपला,” ती म्हणाली. “अकरा वर्षं झाली. दर पंधरा दिवसांनी आवळावा लागतो. म्हणून साबणाच्या फळीवर, डब्यामागे लपवून ठेवते.”

“आणि वजन?” काकांना एवढंच सुचलं.

“वजन मीच जमवलं. पाच डाव तोलून बघितले, आणि चिकटपट्टी परत लावली.”

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, “मग पाऊण तास आत काय करत होतीस? चार स्क्रू काढायला काय लागतं?”

“पाच मिनिटं,” काकू म्हणाली. “पण इतका खुशीतला आवाज मी त्यांचा लग्नातसुद्धा ऐकला नव्हता. मोडवेना गं.”

काका पक्कड उलटसुलट करून पाहत होते. मुठीवर साबणाचा पांढरा थर, एका पात्याचं टोक झिजलेलं. आता आकाशपाताळ एक करणार, असं मला वाटलं. पण ते खाली बसले आणि म्हणाले, “अकरा वर्षं पाण्यात, आणि गंज नाही. बघ, मी म्हणत नव्हतो?” मग जरा घुटमळून, “हा बारीक आकडा कशासाठी असतो गं? पुस्तिकेत नीट दिलेलं नाही.”

“नळाची जाळी काढायला,” काकू म्हणाली. “आणि टाके उसवायला फार छान.”

दहाला भंगारवाला आला. काकूने त्याला दारातूनच परत पाठवलं. “एक वस्तू कामाला आलेली आहे,” ती म्हणाली. “अट म्हणजे अट.”

पण काकांना उपकार नको होता. सोमवारी त्यांनी शिवणवर्ग भरायच्या आधी मागच्या खोलीत टेबल लावलं आणि देवघेव सुरू केली. कांबळी मशिनींच्या खाली गेली, म्हणजे खडखडाट कमी. दुर्बिणीचं भिंग वर्गातल्या, सुईत दोरा ओवणाऱ्या आजींना. पाण्याचे कॅन आणि कात्र्या अडकवायला दोऱ्याही गेल्या, आणि शेजाऱ्यांचा तो जुना खिळासुद्धा उपटून झाला. दर वस्तूचं कार्ड भरलं, तारीख घातली, चौदा दिवसांची. महिन्याभरात खोली इतकी रिकामी झाली की तिन्ही मशिनी आत मावल्या आणि काकांचं टेबलही.

पक्कड परत साबणाच्या फळीवर आहे. तिचं कार्ड परवा मी पाहिलं. ‘कोणी नेलं’ या रकान्यात काकांच्या वळणदार अक्षरात काकूचं नाव आहे, आणि तारीख अकरा वर्षांपूर्वीची. परतीच्या तारखेच्या रकान्यात, ज्या माणसाने तीस वर्षांत कुणाला एक दिवस वाढवून दिला नाही, त्याने लिहिलंय: ‘घाई नाही.’