लाल गाडीची पाठवणी

विसरवाडीला हायवेलगत एक जण फक्त जुन्या स्पोर्ट्स कार विकायचा. मी लाल गाडी घेतली, तेव्हा त्याने बॉनेटला कुंकू लावलं, सीटवर नारळ ठेवला आणि उपरण्याने डोळे टिपले.

"भाऊ, हाई मन्ही आंडेर शे. जीव लाईसन ठेवा."

लेक सासरी धाडावी तशी त्याने ती धाडली. मी मूर्खासारखा गहिवरलो.

पंधरवड्यात गाडी बंद पडली. मेकॅनिकने मॅट उचलली, तर खाली वाळलेला गाळ. लेक सुरतेच्या पुरात बुडून आली होती.

गाडी कशीबशी चालू करून घेतली आणि तीच घेऊन भांडायला गेलो, तर तो दुसऱ्या गाडीला कुंकू लावत होता, डोळे तसेच भरलेले. माझी लाल गाडी पाहून गिऱ्हाइकाने त्याच्याकडे बोट दाखवत मलाच विचारलं, "भाऊ, यासनी गाडी कशी शे?"

"चांगली शे," मी म्हणालो. मलाही माझी लेक कुणाच्या तरी गळ्यात मारायची होती.